सिंधुदुर्ग आणि मालवणचा समुद्र: दोन रात्रींच्या भेटीचा नेमका क्रम

मालवणला येणारे बहुतेक पर्यटक किल्ला, स्कूबा (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणे) किंवा स्नॉर्केलिंग (पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली पाहणे) आणि डॉल्फिन ही तिन्ही कामे एकाच दिवसात, एजंट सांगेल त्या क्रमाने उरकतात. मग किल्ला भर दुपारच्या उन्हात तासाभरात पळत पाहिला जातो, भरपेट जेवणानंतर हेलकावणाऱ्या होडीत बसावे लागते, आणि पाण्याखाली हाताच्या अंतरापलीकडचे काही दिसले नाही म्हणून मालवणच्या समुद्राला नावे ठेवली जातात. चूक समुद्राची नसते, क्रमाची असते.

सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्या भोवती पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत. याच खडकांमुळे परकी गलबते किल्ल्याजवळ येऊ शकत नव्हती, आणि याच खडकांवर आज प्रवाळ वाढते. त्यामुळे किल्ल्यावर उतरणे, प्रवाळ पाहणे आणि शेजारच्या पद्मगडावर जाणे या तिन्ही गोष्टी भरती-ओहोटीच्या हाती आहेत. पुढील टप्पे त्याच हिशेबाने लावलेले आहेत आणि ते दोन रात्रींच्या मुक्कामासाठी आहेत. तुमच्याकडे एकच रात्र असेल तर एखादे काम सोडून द्यावे. सगळी कामे दाटीवाटीने बसवू नयेत.

टप्पा १: महिना आणि तिथी ठरवणे

पावसाळ्यात मालवणहून किल्ल्यावर जाणारी प्रवासी होडी वाहतूक आणि सर्व जलक्रीडा साधारणपणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. सप्टेंबरमध्ये वाहतूक सुरू झाली तरी नद्या-खाड्यांचे पाणी समुद्रात उतरतच असते, त्यामुळे पाण्याखालचे दिसत नाही. किल्लाच पाहायचा असेल तर ऑक्टोबर चालतो. प्रवाळ पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मार्चपासून दुपारचा वारा जोर धरू लागतो. मेच्या उत्तरार्धात, वाहतूक बंद होण्याच्या तोंडावर, समुद्रातले बेत आखूच नयेत. मे २०२२ च्या अखेरच्या आठवड्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची स्कूबाची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. वाहतूक अधिकृतपणे सुरू आहे याचा अर्थ समुद्र शांत आहे असा होत नाही.

महिन्यानंतर तिथी पाहावी, कारण बहुतेकांचे बेत इथेच फसतात. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना लागू होतो. तो अंदाजाचा आहे, म्हणून मालवण बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक इंटरनेटवर पाहून वेळ पक्की करावी.

पाण्यात उतरण्यासाठी भरतीच्या शेवटच्या दीड तासापासून पूर्ण भरतीनंतरच्या अर्ध्या तासापर्यंतची वेळ उत्तम असते. भरतीबरोबर खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते. ओहोटी लागली की किनाऱ्याचा आणि उत्तरेकडच्या कोळंब खाडीचा गाळ बाहेर वाहू लागतो. शिवाय पाणी वर असले म्हणजे पोहणाऱ्याचे पाय प्रवाळावर आपटण्याची शक्यता कमी होते. ही वेळ सकाळीच मिळायला हवी, कारण सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाण्याची पाठ सपाट राहते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात.

या दोन्ही अटी एकत्र धरल्या तर दशमी, एकादशी आणि द्वादशी या तिथी हाती येतात. या दिवशी भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोरही अजून चढलेला नसतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतो. तेव्हा प्रवाह मंद आणि पाणी बऱ्यापैकी नितळ असते, पण भरती सहाच्या सुमारासच पूर्ण होते आणि त्या वेळी कोणी पाण्यात नेत नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती अकराच्या पुढे जाते, पाण्याची ओढ तीव्र असते आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. सुट्टी आणि तिथी जुळत नसतील तर किमान चतुर्थी ते षष्ठी टाळावी, कारण त्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पूर्ण ओहोटी येते आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक बोटी सुटतात.

तपासणी: दुसऱ्या दिवसाची तिथी, पूर्ण भरतीची वेळ आणि पूर्ण ओहोटीची वेळ हे तीन आकडे कागदावर लिहा. पुढचे सर्व आरक्षण त्यांच्याभोवती करायचे आहे.

टप्पा २: येण्याची आणि परतण्याची वेळ बांधणे

कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक मालवणपासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे, आणि बहुतेकांना तेच सोयीचे पडते. कणकवलीहून अंतर जास्त आहे. मुंबई-गोवा महामार्गाने येणारे कसालला वळतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावे, दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरावे, तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहावा आणि दुपारनंतर परत निघावे.

स्कूबा शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये, यामागे ठोस कारण आहे. दाबाखालची हवा श्वासातून घेतल्यावर शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबावे, असा गोताखोरीच्या वैद्यकशास्त्रातला सर्वमान्य दंडक आहे. चिपी किंवा गोव्याहून त्याच संध्याकाळचे विमान पकडणे म्हणूनच चुकीचे आहे. घाटाचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याकडचे लोक सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोली किंवा गगनबावड्याने वर चढतात. आंबोलीच समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. पर्यटकांच्या उथळ डाइव्हमध्ये धोका कमी असतो हे खरे, पण क्रम बदलून जो धोका पूर्ण टळतो तो पत्करण्याचे कारण नाही.

मुक्काम किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांच्या जवळ, म्हणजे मालवण शहरात किंवा दांडी-वायरीच्या बाजूला असावा. तारकर्ली आणि देवबागचा किनारा सुंदर आहे, पण तिथून सकाळी बंदरावर येण्यात वेळ जातो, आणि या बेतात सकाळचा प्रत्येक अर्धा तास मोलाचा आहे.

टप्पा ३: सामान

यादी मोठी करण्याची गरज नाही, पण पुढील वस्तू हमखास विसरल्या जातात.

1. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट. सनस्क्रीनचे थर चढवण्यापेक्षा हा बरा, कारण सनस्क्रीनमधील काही रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात.
2. पाण्यात चालतील असे जाड तळव्याचे, मागून पट्टा असलेले सँडल. खडकांवरची कालवे पायाला सुरीसारखी कापतात आणि रबरी चपला चिखलात अडकून राहतात.
3. उलटीची सवय असलेल्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी. ती बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नसतो. चढण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी.
4. मिशा असलेल्यांसाठी थोडे व्हॅसलीन. मास्कची कड मिशीवर नीट बसत नाही आणि पाणी आत झिरपते; ओठाच्या वर व्हॅसलीन लावल्यास ते बरेच कमी होते.
5. किल्ल्यासाठी टोपी आणि माणशी किमान एक लिटर पाणी, पुन्हा भरता येईल अशा बाटलीत.

चष्मा वापरणाऱ्यांनी नंबरचा मास्क मिळतो का हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. जेट्टीवर उभे राहून विचारल्यास उत्तर बहुधा नाही असेच येईल.

टप्पा ४: पहिली संध्याकाळ किनाऱ्यावर

पहिल्या दिवशी समुद्रात जाऊ नये. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य आणि शिवलिंग कोरलेल्या या जागी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला असे मानले जाते. किल्ला पाहण्याची सुरुवात इथून करण्यात व्यावहारिक लाभ आहे. बेट, त्याच्या अलीकडचा पद्मगड आणि मधले खडक इथून एका नजरेत येतात, आणि पुढे किल्ल्यावर जाताना आपली होडी वळणे घेत का चालते हे समजते.

त्यानंतर बंदरावर जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: सकाळी किल्ल्याची पहिली होडी किती वाजता सुटते, उद्या वारा कसा राहील आणि बावटा लागला आहे का. वादळी हवामानाचा इशारा आला की बंदरात धोक्याचा बावटा चढवतात. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी कोणी बोट काढायला तयार झाला तरी आपण जाऊ नये. इन्कॉइस ही हैदराबादची संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचा इशारा रोज देते. तोही रात्री पाहून ठेवावा.

टप्पा ५: पाण्यात नेणारा चालक निवडणे

किमतीवरून निवड करू नये. सर्वांत स्वस्त पॅकेजमध्ये बोटीत माणसे जास्त असतात, माणशी मिळणारी वेळ कमी असते आणि समजावून सांगण्याचे काम दोन मिनिटांत उरकले जाते. पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत.

1. बोट महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदलेली आहे का, आणि तिची प्रवासी क्षमता किती? क्षमतेचा आकडा बोटीवर लिहिलेला असावा.
2. पाण्यात एका पर्यटकामागे एक प्रशिक्षक असतो का? पोहता न येणाऱ्यासाठी याहून कमी काहीही मान्य करू नये.
3. प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे?
4. बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर आणि प्रथमोपचार पेटी आहे का?
5. बोट उभी करताना नांगर प्रवाळावर टाकतात की कायम बांधलेल्या बोयाला, म्हणजे तरंगत्या पिंपाला, दोर लावतात?
6. माशांना बिस्किटे किंवा पाव टाकतात का?

शेवटचे दोन प्रश्न बहुतेकांना अनावश्यक वाटतात, पण माझ्या मते चालकाची पारख त्यांच्यावरूनच सर्वांत चांगली होते. फोटोत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाव टाकण्याची पद्धत पडली आहे. तिच्यामुळे मोजक्या धीट माशांची झुंबड उडते आणि प्रवाळावरचे शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवण्याचे माशांचे नैसर्गिक काम मागे पडते. जो चालक पाव टाकत नाही तो सुरक्षिततेच्या बाबतीतही सहसा काटेकोर असतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग त्याचा गाभा आहे. तुम्ही उतरता ते पाणी बहुधा याच गाभ्यातले असते.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. ज्यांना केवळ एक फेरी न मारता पद्धतशीर शिकायचे आहे त्यांनी तिथे चौकशी करावी.

सावधान: सर्दी, सायनस, दमा, हृदयविकार, फेफरे, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काहीही असल्यास स्कूबा करू नये, किंवा आधी डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. चालकाच्या अर्जावर सरसकट "नाही" अशा खुणा करून सही ठोकणे हा आपल्याच जिवाशी खेळ आहे. दहा वर्षांखालील मुलांना स्कूबा देऊ नये. त्यांना स्नॉर्केलिंग पुरेसे आहे.

टप्पा ६: प्रत्यक्ष पाण्यात

आदल्या रात्री मद्य घेऊ नये. सकाळी पाण्यात उतरण्याच्या दोन तास आधी हलका नाश्ता करावा. दोन घावणे आणि चहा पुरे. उपाशीपोटी गेल्यास मळमळ अधिक होते, आणि भरपेट खाल्ल्यासही होते. माशांचे ताट परतल्यावर घ्यावे.

बोटीत लाइफ जॅकेटचे सर्व बंद लावावेत. जॅकेट नुसते गळ्यात अडकवलेले असेल तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाते. बोट एका बाजूला कलेल अशी गर्दी फोटोसाठीही करू नये.

पाण्यात उतरण्यापूर्वी प्रशिक्षकाकडून पुढील चार गोष्टी उथळ पाण्यात करून घ्याव्यात, आणि त्या जमल्याशिवाय खाली जाण्यास होकार देऊ नये.

पहिली गोष्ट तोंडाने सलग श्वास घेण्याची. स्कूबात श्वास कधीही रोखून धरायचा नसतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथली छातीभर हवा रोखून वर आल्यास ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. चार-पाच मीटरवरही हा धोका असतो, म्हणून खोली कमी आहे या समजुतीवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कानाची. खाली जाताना पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानावर सर्वाधिक दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हलकेच फुंकावे म्हणजे कान मोकळे होतात. हे दुखायला लागण्यापूर्वी आणि पुन्हा पुन्हा करायचे असते. दुखू लागल्यावर जोराने फुंकल्यास पडद्याला इजा होते. तेव्हा खूण करून थोडे वर यावे, कान मोकळे करावेत आणि मगच पुन्हा खाली जावे.

तिसरी गोष्ट खुणांची. अंगठा वर करणे म्हणजे "मला वर न्या". "ठीक आहे" सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. कॅमेऱ्यासमोर उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक नियमाप्रमाणे वर घेऊन येतो, आणि फेरी तिथेच संपते. ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

चौथी गोष्ट मास्कमध्ये पाणी शिरले तर काय करायचे याची. मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरावी आणि नाकाने जोरात श्वास सोडावा. पाणी खालून निघून जाते. घाबरून मास्क काढून टाकू नये.

खाली गेल्यावर हात छातीशी घ्यावेत. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ रंगीत जाहिरातींमधल्यासारखे नाही. ते बरेचसे तपकिरी, हिरवट, दगडाला चिकटून गोलसर वाढणारे आहे, आणि म्हणूनच पर्यटक त्याला दगड समजून त्यावर उभे राहतात. तो दगड म्हणजे हजारो जीवांची वसाहत असते. ती वर्षाला फार थोडी वाढते आणि एका टाचेने तुटते. थकवा आला तर स्नॉर्केलिंग करणाऱ्याने पाठीवर उताणे व्हावे आणि जॅकेटवर तरंगावे; पाय खाली सोडू नयेत. दगडाच्या कपारीत हात घालू नये, कारण तिथे काटेरी सी-अर्चिन असतात आणि कधी मोरे ईल हा सापासारखा मासाही असतो.

नजर स्थिर ठेवल्यास बरेच दिसते. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे थव्याने येतात, जोडीने फिरणारे बटरफ्लाय मासे प्रवाळ टोचतात, आणि कान देऊन ऐकल्यास पोपट मासा खडक खरवडत असल्याचा आवाजही येतो. एका जागी स्तब्ध राहिलेल्याला सतत पुढे सरकणाऱ्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून प्रशिक्षकाला आधीच सांगावे की व्हिडिओ कमी काढला तरी चालेल, पण एका खडकाजवळ थांबू द्या.

सावधान: प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नये आणि किनाऱ्यावर कोणी विकत असल्यास घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणाऱ्या प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे.

टप्पा ७: ओहोटीला पद्मगड

दांडीच्या किनाऱ्यासमोरचा पद्मगड मोठ्या ओहोटीला पायी गाठता येतो. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही, म्हणून त्या दिवशी प्रयत्न करू नये. दशमीपेक्षा द्वादशी-त्रयोदशीची दुपार अधिक चांगली. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यामुळे कोष्टकात वेळेबरोबर पाण्याची उंचीही पाहावी आणि किनाऱ्यावर जाळी नीट करत बसलेल्या कोणाला तरी "आज पाणी किती सुकेल?" असे विचारावे.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पूर्ण ओहोटीची घटका आली की परतीला लागावे. तिथे रेंगाळल्यास भरती दोन्ही बाजूंनी येऊन वाट बुडवते. चिखल आणि वाळूच्या भागात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाकट मासे चाहूल लागून दूर जातात. पाय थेट त्यांच्यावर पडला तर शेपटीचा काटा बसतो.

टप्पा ८: सिंधुदुर्ग किल्ला

तिसऱ्या दिवशी पहिल्या किंवा दुसऱ्या होडीने जावे. अंतर जेमतेम अर्ध्या किलोमीटरचे आहे, पण होडी खडक चुकवत जाते म्हणून दहा-पंधरा मिनिटे लागतात. तिकीट बहुधा जाऊन-येऊन असते आणि होडीवाला तासाभरात परत यायला सांगतो. इथेच थांबून बोलून घ्यावे. सुमारे ४८ एकरांचा हा किल्ला आणि त्याचा जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी तट तासाभरात पाहणे शक्य नाही. अडीच तास लागतील, नंतरच्या होडीने परत येऊ, त्यासाठी जादा पैसे लागत असतील तर ते देऊ, हे चढण्यापूर्वी ठरवावे आणि परतीचे तिकीट जपून ठेवावे.

समोरून येताना दरवाजा शोधण्याचा प्रयत्न करावा. बुरुजांच्या वळणाआड तो असा बसवला आहे की होडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. ही रचना समजून घ्यायची तर होडीतल्या पहिल्या पाच मिनिटांत मोबाइल खिशात ठेवावा लागतो.

आत शिरल्यावर बहुतेक लोक सरळ मंदिरांकडे जातात आणि ऊन चढल्यावर तट अर्धवट सोडून परततात. क्रम उलटा ठेवावा.

1. दरवाजाजवळच तटावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. ते पाहून तिथूनच तटावर राहावे.
2. ऊन कोवळे असताना तटावरून पश्चिमेच्या बाजूला जावे. भरतीला खडक बुडालेले असले तरी जिथे लाट मध्येच फुटते तिथे खडक आहे असे समजावे. समुद्रातून येणाऱ्या जहाजाला या फेसाच्या रेषांमधून वाट काढावी लागे. तटाला वळणे का दिली आहेत तेही इथे कळते: भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून टिपता येई.
3. राणीची वेळा ही तटाबाहेरची छोटी पुळण वरूनच पाहावी. तिथे पोहायला उतरू नये.
4. मग खाली उतरून शिवराजेश्वर मंदिरात जावे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये ते उभारले. इथे नित्य पूजा होते, त्यामुळे पोशाख आणि आवाज दोन्ही देवळाला शोभतील असे असावेत.
5. शेवटी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहाव्यात. चारही बाजूंनी खारे पाणी असताना या विहिरींवर किल्ला लढता राहिला, त्यामुळे त्यांना शेवटची पाच मिनिटे देणे अन्याय्य ठरेल. त्यात बाटल्या किंवा नाणी टाकू नयेत.

तटाच्या कडेला कठडा सर्वत्र नाही आणि काही जिने झिजलेले आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये. समुद्राकडे पाठ करून कडेवर सेल्फी काढू नये. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नये आणि शक्य असेल तर सरबत-नारळपाणी त्यांच्याकडूनच घ्यावे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्ग आहे आणि तो केंद्र सरकारचे संरक्षित स्मारकही आहे. भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा आहे, आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

तपासणी: परत निघताना पिशवीत आपण आणलेला सर्व कचरा आहे ना? बेटावर टाकलेली पिशवी वाऱ्याने थेट प्रवाळावर जाते.

टप्पा ९: डॉल्फिन आणि कासवे, वेळ उरल्यास

डॉल्फिनसाठी किल्ल्याच्या आधी, अगदी पहाटे निघावे किंवा तो बेत सोडावा. स्कूबाच्या पॅकेजमध्ये फुकट मिळणारी डॉल्फिनची फेरी म्हणजे बहुधा उशिरा निघालेली, घाईची फेरी असते. इथे किनाऱ्यालगत दिसतो तो मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन. हिंदी महासागरातली ही जात जगभर संकटात आहे. पाठीवर पर नसलेला लहान फिनलेस पॉरपॉइजही या पाण्यात आहे, पण तो क्षणभरच वर येतो.

बोटवाल्याशी बोलताना आधीच सांगावे: पाठलाग करायचा नाही, किमान ५० मीटर दूर राहायचे, समोरून आडवे जायचे नाही, डॉल्फिन जवळ आले तर इंजिन न्यूट्रलवर ठेवायचे, आणि दिसले नाहीत तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. "दिसले तरच पैसे" म्हणणारा पर्यटकच बोटवाल्याला पाठलाग करायला लावतो. पिल्लू सोबत असलेला कळप दिसला तर लगेच मागे वळावे.

ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात या जिल्ह्याच्या अनेक किनाऱ्यांवर अंडी घालतात. देवगडजवळचे तांबळडेग आणि वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी ही त्यांतली माहीत असलेली ठिकाणे. पिल्ले बाहेर पडण्याचा दिवस कोणी हमखास सांगू शकत नाही, म्हणून त्यासाठी स्वतंत्र सहल करावी आणि स्थानिक कासवमित्रांना आधी विचारावे. रात्री किनाऱ्यावर विजेरी किंवा मोबाइलचा प्रकाश पाडू नये. प्रकाशाने पिल्ले समुद्राची दिशा चुकतात.

अडचण आली तर

समुद्रात संकट असल्यास तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सर्वसाधारण मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमी कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन आढळल्यास वन विभागाचा क्रमांक १९२६. अशा प्राण्याला स्वतः पाण्यात ढकलू नये. गर्दी दूर ठेवावी आणि त्याच्यावर ओले कापड टाकावे, मात्र डॉल्फिनच्या डोक्यावरचे श्वासाचे छिद्र आणि कासवाचे नाक-तोंड झाकू नये. डाइव्हनंतर २४ तासांत सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, छातीत दुखणे किंवा असाधारण थकवा जाणवला तर तो प्रवासाचा शीण समजू नये. डॉक्टरांकडे जावे आणि डाइव्ह किती वाजता व किती खोल केली होती हे सर्वांत आधी सांगावे. त्यासाठी पाण्याबाहेर येताच प्रशिक्षकाकडून खोली आणि वेळ विचारून मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.